लॅपटॉप घेताना जोर कशावर द्यायचा, प्रोसेसरवर, रॅमवर की हार्डडिस्कवर?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, घरात एक जुना लॅपटॉप आहे, आठव्या जनरेशनचा आय५-८२५०यू, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्डडिस्क. त्यावर टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी चालतं, पण तो सुरू व्हायलाच चहा पिऊन होतो. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला लागली, बजेट ५५ हजारांच्या आसपास. समोर तीन पर्याय आहेत, आय७-१२५५यू ८ जीबीवाला, रायझन ५ ७५३०यू १६ जीबीवाला आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारा रायझन ५ ७५२०यू ८ जीबीवाला, तिन्हीत ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी येणारी चिपवाली डिस्क. दुकानदार म्हणतो आय७ घ्या, टॉपचा आहे, आणि जुना एक्सचेंजला द्या. तुम्ही विचारलंय की प्रोसेसर, रॅम आणि हार्डडिस्कचा स्पीड यातलं जास्त महत्त्वाचं काय.

मी सोलापुरात लॅपटॉप विकायचं आणि रिपेअरिंगचं काम बरीच वर्षं करतोय, त्या अनुभवावरून सांगतो. खरा प्रश्न कोण मोठा हा नाहीच. प्रश्न दोन आहेत. तुमचं काम नेमकं कुठं अडकतंय, आणि घेतल्यानंतर यातलं काय बदलता येईल आणि काय जन्मभर तसंच राहील. ही दोन उत्तरं मिळाली की दुकानदार काय म्हणतो याचं टेन्शन राहत नाही. तुम्ही कारखानदार आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो, माग कितीही जोरात पळणारा आणला आणि बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) वेळेवर भरून आला नाही तर माग उभाच राहणार. प्रोसेसर म्हणजे तो माग, आणि त्याला माल पुरवणारे म्हणजे रॅम (चालू कामाचं सामान ठेवायची तात्पुरती जागा) आणि डिस्क (सगळं कायमचं साठवायची जागा).

सुरुवात तुमच्या जुन्या लॅपटॉपपासूनच करू, कारण तिथं हे सगळं उघड दिसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. लॅपटॉप सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं तिथं नुसतं बघत बसा. मला खात्री आहे की डिस्क १०० टक्क्याला चिकटलेली असेल आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यावर निवांत असेल. म्हणजे तुमचा आय५ आजही रिकामा बसलाय, त्याच्यापर्यंत काम पोचतच नाहीये.

असं का होतं ते समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की कुणी फसवू शकत नाही. लॅपटॉपची साधी हार्डडिस्क मिनिटाला ५,४०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली (डिस्कवरून वाचणाऱ्या हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा जातो, वर ते डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकायला १०-१२ मिलिसेकंद जातात. हिशोब केला तर वेगवेगळ्या जागी पडलेल्या लहान लहान गोष्टी ती सेकंदाला साधारण ६० च उचलू शकते. आणि विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस तपासणी करताना, टॅलीचा डेटा उघडताना अशा हजारो लहान गोष्टी मागितल्या जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळं तेच काम ती सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली की माणसाला वाटतं नवीनच लॅपटॉप आला. मोठी एकच फाइल कॉपी करताना फरक पाच-सहा पट दिसेल, पण रोजच्या कामात जो फरक जाणवतो तो या लहान कामांमुळं.

आता यातली एक गफलत मात्र लक्षात घ्या. डिस्क १०० टक्के दिसली म्हणजे दोष फक्त डिस्कचाच असं नसतं. शेजारी मेमरी बघा, ती ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज त्यातलं थोडं सामान उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागलं की परत आणतं, ही ये-जा दिवसभर चालू राहते. तुमच्याकडं ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क, म्हणजे दोन्ही दुखणी एकत्र, एक दुसऱ्याला वाढवतंय. माझ्याकडं येणाऱ्या 'स्लो झालाय' म्हणणाऱ्या जुन्या लॅपटॉपपैकी बहुतेकांचं हेच असतं आणि बिचारा मालक समजतो प्रोसेसर जुना झाला.

हे झालं जुन्याचं. आता नवीन घेताना या तीन गोष्टींकडं कसं बघायचं.

एसएसडी पाहिजेच, यावर चर्चा नको. नवीन लॅपटॉपमध्ये आता बहुतेक एसएसडीच येते, फक्त एकदम स्वस्तातल्या मशीनमध्ये ईएमएमसी नावाचा प्रकार असतो, तो मदरबोर्डलाच चिकटवलेला असतो आणि हळू असतो, तसलं घेऊ नका. पण एकदा एसएसडी आली की मग तिच्या आकड्यांमागं पळू नका. साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, एनव्हीएमई (नवीन, जास्त वेगवान जोडणीची) जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीची, ३,५०० पर्यंत आणि जेन ४ वाली ७,००० पर्यंत. हे आकडे बघून वाटतं जेन ४ दुप्पट भारी, पण ते मोठी फाइल सलग वाचतानाचे आकडे आहेत. टॅली, एक्सेल, ब्राउझर, कोडिंग यात जेन ३ आणि जेन ४ शेजारी शेजारी ठेवून दिल्या तर कुणालाही ओळखता येणार नाहीत. मोठे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला फरक पडतो. तुम्ही दिलेल्या तिन्ही पर्यायांत एसएसडी आहे ना, मग हा विषय तिथंच संपला, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. फक्त ती गच्च भरू देऊ नका, १५-२० टक्के जागा मोकळी ठेवली तर वेग टिकतो.

रॅमबद्दल जरा जास्त बोलतो, कारण चुकीचा निर्णय लोक इथंच घेतात. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी चालते, पण नुसतं सुरू करून ठेवलं तरी ३-४ जीबी जातेच. वर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स सुद्धा आपली जागा याच रॅममधून घेतं. म्हणजे ८ जीबीत हातात उरते चारच्या आसपास, त्यात क्रोमचे दहा-पंधरा टॅब, एक व्हिडिओ लेक्चर आणि कोड लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं की संपली. मुलगी कॉम्प्युटर किंवा आयटी ब्रँचला असेल तर पुढं अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) येईल, त्यात मोबाइलचा एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली मोबाइल, चालवायचा तर १६ जीबी पाहिजेच, व्हर्च्युअल मशीनचंही (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) तसंच. त्यामुळं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांसाठी माझ्या मते १६ जीबी. ३२ ची गरज आज नाही.

पूर्वी मी स्वतः सांगायचो की आत्ता ८ घ्या, वर्षभरानं स्वस्तात अजून ८ टाकू. आता तसं सरसकट सांगत नाही, दोन कारणांनी. एक म्हणजे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढले, नंतर स्वस्तात टाकू हा हिशोब पूर्वीसारखा बसत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. स्लॉटच नाही तर टाकणार कुठं? तुमचा तिसरा पर्याय, ७५२०यू, त्याचं हेच आहे. तो प्रोसेसर फक्त एलपीडीडीआर५ नावाच्या प्रकारच्या रॅमवर चालतो आणि ती सोल्डरच असते, त्यात ८ घेतली तर शेवटपर्यंत ८ च. स्वस्त दिसतोय खरा, पण चार वर्षं ओढायचं मशीन म्हणून मी तो तुमच्या मुलीला देणार नाही. घरी नेट बघायला, ऑफिसचं लिहायला-वाचायला ठीक आहे.

दुकानातला डेमो पीस चालू असेल तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा, खाली स्लॉट किती आणि वापरलेले किती ते लिहिलेलं असतं, आणि फॉर्म फॅक्टर म्हणून एक ओळ असते. तिथं एसओडीआयएमएम दिसलं तर काढता घालता येणारी पट्टी आहे, रो ऑफ चिप्स दिसलं तर समजा सोल्डर. काही मॉडेलमध्ये ८ सोल्डर आणि शेजारी एक मोकळा स्लॉट असतो, ते पण चालतं. स्लॉटचा आकडा कधी कधी चुकीचा दाखवतो, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरची माहिती बघून घ्या.

रॅममध्येच अजून एक गोष्ट. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८-८ च्या दोन, यात दोन बऱ्या, कारण दोन वाटांनी माल येतो. डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देऊ शकते, दोन असल्या की ५१.२. साध्या कामात हे कळणार नाही, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ड्रॉइंग, थ्रीडी, थोडंफार गेमिंग यात चांगलं कळतं. आणि तुमच्या त्या आय७ मध्ये ८ ची एकच पट्टी असेल तर गंमत बघा, डब्यावर आयरिस एक्सई ग्राफिक्स लिहिलेलं असलं तरी विंडोजमध्ये ते साधं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसतं, कारण इंटेलनं ते नाव आणि ती ताकद दोन वाटांच्या रॅमसाठीच ठेवलीय.

आता प्रोसेसर. हा भाग लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येतच नाही, म्हणून नीट बघायचाय, पण आय३, आय५, आय७ हे नाव बघून नाही. उदाहरणच देतो. तुमचा आय७-१२५५यू आणि त्याच पिढीतला आय५-१२३५यू, दोघांत २ मोठे कोर आणि ८ लहान कोर (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक कारागीर), थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) १२, कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी वेगवान मेमरी) १२ एमबी, सगळं सारखं. फरक जास्तीत जास्त वेगाचा, ४.७ आणि ४.४ गिगाहर्ट्झ, आणि ग्राफिक्समध्ये किंचित. एवढ्यासाठी लोक हजारो रुपये जादा देतात. उलट २०१६ सालचा आय७-७५००यू घ्या, त्यात कोर फक्त २ होते, २०२२ सालचा आय३-१२१५यू त्याला आरामात मागं टाकतो. आणि आता तर इंटेलनं 'आय' पण काढला, कोअर ५ १२०यू असं नाव येतं, आत तेच २ अधिक ८.

नंबरच्या शेवटचं अक्षर मात्र बघायचं. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी टिकते, कमी तापतो. एच म्हणजे ४५ वॅटचा, जोर जास्त, पण बॅटरी लवकर संपते, चार्जर जड आणि पंखा सतत ओरडतो. रायझनच्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघा, तो आतली खरी पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये २ आहे म्हणजे झेन २ (झेन हे रायझनच्या आतल्या रचनेचं नाव), जुनी रचना आणि कोर ४. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, कोर ६ आणि थ्रेड १२. दोन्हीवर रायझन ५ च लिहिलंय, नंबरमध्ये फक्त एका आकड्याचा फरक, पण मशीन वेगळी आहेत. दुकानात घाईत हे कुणी सांगत नाही.

आणि सोलापूरचं एक वेगळंच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत त्याहून वाईट. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ठराविक तापमानाला, इंटेलचे बरेचसे १०० अंशाला, आपोआप वेग कमी करतात. हवाच गरम असेल तर ती मर्यादा लवकर गाठली जाते, म्हणजे जानेवारीत गड्डा यात्रेच्या वेळी जो लॅपटॉप पळत होता तोच मे महिन्यात अडखळतो. बारीक, पातळ बॉडीत एचवाला प्रोसेसर कोंबलेला असेल तर हे जास्त होतं, कागदावरचा जोर मिळतच नाही. म्हणून इथल्या उन्हाळ्यात एसीशिवाय वापरायचं असेल तर मी यू सिरीजकडं झुकतो, नाहीतर मग जाड बॉडीचा, दोन पंख्यांचा एच.

त्यात तुमचा कारखाना. मागावरची बारीक रुई हवेत उडत असते, ती पंख्यातून आत जाते आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीवर नमद्यासारखी थर धरून बसते, मग हवाच बाहेर जात नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून येणारे लॅपटॉप उघडले की बऱ्याचदा हाच थर निघतो. मागाजवळच्या टेबलावर फिरत्या हार्डडिस्कचं मशीन ठेवणं तर त्याहून वाईट, सततच्या हादऱ्यांनी डोकं जागेवरून हलतं, परत परत वाचावं लागतं, आणि शेवटी डिस्क जाते. मशीन ऑफिसच्या खोलीत ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा साफ करून घ्या. मुलीचा लॅपटॉप तर शेडमध्ये नेऊच नका.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. मुलगी मेकॅनिकल किंवा सिव्हिलला असेल तर ऑटोकॅड, पुढं थ्रीडी सॉफ्टवेअर येईल. ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं, त्यामुळं कोर किती यापेक्षा एका कोरचा वेग महत्त्वाचा, तिथं आय७-१२५५यू ७५३०यूपेक्षा उजवा पडेल, पण त्यात रॅम वाढवता येत असेल तरच. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल का हे पहिल्या वर्षाला ठरवू नका, पहिलं वर्ष सगळ्यांचं बऱ्यापैकी सारखंच असतं आणि जड सॉफ्टवेअर कॉलेजच्या लॅबमध्येही चालवता येतं. सिनिअर मुलींना विचारायला सांगा की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला त्या नेमकं काय चालवतात, त्यांची माहिती माझ्यापेक्षा पक्की असेल.

कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स असेल तर मी डोळे झाकून ७५३०यू १६ जीबीवाला घेईन. सहा पूर्ण ताकदीचे कोर, रॅम पहिल्या दिवसापासून पुरेशी, आणि आय७ घेऊन वर रॅमचा खर्च करण्यापेक्षा यात पैसे वाचतील. आय७ फक्त एकाच हिशोबात परवडतो, त्याला रॅमचा मोकळा स्लॉट असेल, आणि अजून ८ टाकून एकूण खर्च ७५३०यूच्या जवळपास येत असेल तर. रॅम टाकण्यासाठी झाकण उघडलं तर वॉरंटी राहते का हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे, दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका, बिलावर लिहून घ्या. सर्व्हिस घरी येऊन देतात की मशीन पुण्याला पाठवावं लागतं हेही तेव्हाच विचारा, परीक्षेच्या तोंडावर लॅपटॉप दोन आठवडे बाहेर गेला की काय होतं ते मी दरवर्षी बघतो. आणि बिलावर नुसतं 'आय७ लॅपटॉप' नको, प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि मॉडेल नंबर पाहिजे.

जुना मात्र एक्सचेंजला देऊ नका. ८२५०यू मध्ये ४ कोर, ८ थ्रेड आहेत, टॅली आणि जीएसटीला ते भरपूर झालं, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो बसतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तुम्ही बँक आणि जीएसटीचे पासवर्ड त्यावर टाकता, त्यामुळं ११ वर जाणं गरजेचंच आहे. त्यात हार्डडिस्कच्या जागी ५१२ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी आणि डीडीआर४ ची ८ जीबीची पट्टी टाकून घ्या. पट्टी ३२०० ची मिळाली तरी चालेल, ती २४०० च्या वेगानं चालेल, फक्त डीडीआर५ नको, ती बसणारच नाही. विंडोज ११ टाकताना टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असा मेसेज आला तर घाबरू नका, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावानं ते बंद ठेवलेलं असतं, चालू करायचं.

हे काम करायला देण्याआधी दोन गोष्टी मात्र करा. टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून गप्प बसू नका. आणि टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, ते त्या मशीनला बांधलेलं असतं, नवीन डिस्कवर परत अ‍ॅक्टिव्हेट करताना मग त्रास होत नाही. काढलेली हार्डडिस्क चांगली असेल तर यूएसबी केसमध्ये घालून घ्या, रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप त्यावर घ्यायचा आणि ती घरी न्यायची. मुलीची ब्रँच आणि त्या आय७चा पूर्ण मॉडेल नंबर इथं टाका, त्यात स्लॉट आहे का ते बघून सांगतो.